लॅडर फ्रेम की मोनोकॉक? पुण्यात रोज चालवायची एसयूव्ही घेताना

मावसभावाला सात सीटर घ्यायचीय, रोज वारज्याहून हिंजवडी आणि महिन्यातनं एकदा वेल्ह्याच्या पुढं गावी, आणि गेले दोन महिने त्याचं एकच चाललंय, लॅडर घेऊ की मोनोकॉक. माझं मत आधीच सांगतो, मोनोकॉक घ्यावी. आता का ते.

लॅडर फ्रेम म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चॅसी, इंजिन गिअरबॉक्स सस्पेन्शन सगळं तिच्यावर, आणि वरनं बॉडी रबरी माउंट घालून बोल्टनं बसवलेली, ट्रकचीच पद्धत. मोनोकॉकला अशी वेगळी चॅसी नसते, फ्लोअर, खांब, छत वेल्ड करून एकच सांगाडा होतो आणि सगळा भार तोच पेलतो. चाकणला महिंद्राच्या दोन्ही प्रकारच्या गाड्या बनतात बघा, स्कॉर्पिओ-एन लॅडरवर आणि एक्सयूव्ही ७०० (२०२६पासून तिचं नाव एक्सयूव्ही ७एक्सओ) मोनोकॉक. टाटाच्या सफारीचंही तसंच, १९९८ची लॅडरवर होती, २०२१ला आली ती मोनोकॉक, आणि दोन्ही पुण्यातल्याच.

आम्ही एका रविवारी दोन्ही प्रकारची एकेक गाडी पाठोपाठ एकाच रस्त्यानं फिरवली, मागच्या सीटवर मावशी. सोसायटीबाहेरचा स्पीडब्रेकर एका बाजूनं झिजून सपाट झालाय, त्यामुळं एकाच बाजूची चाकं चढतात. लॅडरवाल्या गाडीत तिथं सगळ्यांच्या माना आधी डावीकडं मग उजवीकडं, मावशीनं वरचं हँडल धरलं ते घरी येईपर्यंत सोडलंच नाही. मोनोकॉकमध्ये तोच ब्रेकर, तेवढाच स्पीड, धप्प आवाज आला आणि संपलं, मावशीचं बोलणंसुद्धा तुटलं नाही. कारण साधं आहे, लॅडरवाल्या गाड्यांना मागं बहुतेक वेळा अखंड अ‍ॅक्सल असतो, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा, एक चाक उचललं की दुसऱ्यालाही हलवतो, त्यात आपण बसलेलो उंचावर, मग हेलकावा थेट मानेपर्यंत येतो. चढताना पण तेच, फ्लोअर फ्रेमच्या वर असतो म्हणून पाय उंच टाकावा लागतो, आणि मावशीचा उजवा गुडघा दुखतो, ती फूटबोर्डवर दोन्ही पाय ठेवून, श्वास घेऊन मग आत गेली. घरात वयस्कर माणूस असेल तर ही गोष्ट मायलेजपेक्षा मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

पुण्यात पावसाळ्यात खड्डे म्हणून लॅडरच हवी असं म्हणणारे खूप भेटतात. पण खड्ड्यात आधी मार खातो तो टायर, रिम आणि सस्पेन्शन, चॅसी नाही. तिथं ग्राउंड क्लिअरन्स आणि टायरची साइडवॉल, म्हणजे रिमच्या बाहेरची रबराची उंची, बघा. तसंच लॅडर म्हणजे सेफ हेही डोक्यातनं काढा, ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी स्कॉर्पिओ-एन आणि ७०० दोघींना ५ स्टार आहेत, म्हणजे प्रश्न डिझाइनचा आहे.

लॅडर कुणी घ्यावी? ज्याचं शेत डोंगरात आहे, ट्रेलर ओढायचा असतो, चिखलात दगडात रोजचं जाणं आहे त्यानं बिनधास्त घ्यावी, तिथं फ्रेम पीळ सहन करते आणि स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोरला लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोर देणारा गिअर, मिळते, ७००च्या ऑल व्हील ड्राइव्हला ती नाही. मोनोकॉकला मोठा अपघात झाला तर सांगाडा सरळ करायचं काम किचकट असतं, हेही खरं. पण भावाच्या गावचा शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता आहे आणि गेली नऊ वर्षं तिथं त्याची हॅचबॅकच जातेय.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा गुळगुळीत रस्ता नको, गाडी आपल्या गल्लीत आणायला सांगा आणि घरच्यांना मागं बसवा, शक्यतो तिसऱ्या रांगेतही. आणि सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची सोय, असेल तर टेप घेऊन उंची मोजा, स्कॉर्पिओ-एन १८५७ मिमी आणि ७०० १७५५ मिमी, हे १० सेंटीमीटर बुकिंगनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.