डाएट कोला की लिंबू पिळलेला साधा सोडा?

मैत्रीण परवा म्हणाली, साखर बंद करून आठवडा झाला पण रात्री जेवण झालं की काहीतरी गोड प्यावंसं वाटतंच, मग डाएट कोला घेऊ की सोड्यात लिंबू पिळू? मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते.

कार्ब्जमध्ये फारसा फरक नाही. साध्या कोलाच्या 330 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, डाएटमध्ये शून्य, आणि चमचाभर लिंबाच्या रसात जेमतेम 1 ग्रॅम कार्ब्ज.

खरा फरक तलफेत आहे. डाएट कोला ती लगेच भागवतो, पण त्यात बहुतेक वेळा असणारं ॲस्पार्टेम हे कृत्रिम स्वीटनर साखरेच्या सुमारे 200 पट गोड, त्यामुळे जिभेची गोडाची सवय काही मोडत नाही, माझी तरी नाही मोडली. सोडा पहिले चार-पाच दिवस अगदी फिका लागतो, ग्लास हातात घेऊन नुसतं बघत बसावंसं वाटतं, पण नंतर साधं सफरचंदसुद्धा मस्त गोड लागायला लागतं! 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन आटोक्यात ठेवायला अशा स्वीटनरचा आधार घेऊ नका असंच सुचवलंय.

कोलात कॅफीन असतं, झोपेचा प्रॉब्लेम असेल तर रात्री नकोच. आम्ल दोन्हीत आहे, त्यामुळे तासभर घोट घोट घेत बसू नका, दातांना त्रास होतो.

रोज साधं कोल्ड्रिंक पिणाऱ्याने सुरुवातीला डाएट कोला घ्यावा, एकदम तोडणं जमत नाही. ज्याला गोडाची ओढच कमी करायचीय त्याने लिंबू-सोडा घ्यावा. आणि फिनाइलकीटोन्युरिया (ॲस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असेल तर ॲस्पार्टेमवालं काहीच नको.