बायर्न-तिकिटावर साल्झबर्ग: आई-बाबांसोबत एका दिवसात ऑस्ट्रिया

म्युनिकहून रेल्वेने दोन तासांच्या आत दुसऱ्या देशात पोचतो, हे बाबांना पटेना. कराडहून पुणं गाठायला याहून जास्त वेळ लागतो! म्हणून जूनमधल्या एका शनिवारी आम्ही चौघं साल्झबर्गला निघालो.

तिकीट घेतलं बायर्न-तिकीट. जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या सगळ्या साध्या गाड्यांना ते दिवसभर चालतं, आणि सीमेपलीकडे असूनही साल्झबर्गचं मुख्य स्टेशन त्यात धरलेलं आहे. पहिल्या माणसाचे पूर्ण पैसे, पुढच्या प्रत्येकाचे थोडेसे जादा, असं पाच जणांपर्यंत. घरी पाहुणे आलेल्यांसाठी याहून सोयीचं तिकीट माझ्या पाहण्यात नाही. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी मात्र ती अट नाही. म्हणून शनिवारच धरा. तिकिटावर प्रत्येकाचं नाव घाला, आणि वेगवान आयसीई किंवा रेलजेटमध्ये चुकूनही चढू नका, तिथे ते चालत नाही.

प्रीनच्या पुढे डोंगर जवळ येतात. आईने खिडकी सोडली नाही.

साल्झबर्गच्या सिटी बसला हे तिकीट चालत नाही, पण स्टेशनपासून मिराबेल बाग पायी पंधरा मिनिटांवर आहे. बागेत जायला पैसे नाहीत. नदीकाठच्या बाकावर आम्ही थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. मग गेट्राइडेगास क्रमांक 9, जिथे 1756 साली संगीतकार मोझार्टचा जन्म झाला, ते पिवळं घर बाहेरून पाहिलं. 1077 पासून बांधत आलेला किल्लाही खालूनच पाहिला. आईचे गुडघे दुखतात, आणि वर जायचं तर चौघांची तिकिटं काढावी लागली असती. त्याची रुखरुख वाटली नाही.

कारण बाबांना त्यांची जागा सापडली होती. किल्ल्याच्या पायथ्याशी सेंट पीटर मठाची जुनी बेकरी आहे, दारात पाणचक्कीचं चाक फिरतं. बाबांनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. ते चाकापाशी उभे राहिले ते हलेनात. चाकावर येणारं पाणी आल्मकनाल नावाच्या पाटाचं. 1137 ते 1143 या काळात डोंगर पोखरून तो शहरात आणला, हे मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे आपल्या खोडशीच्या कालव्यासारखाच की गं! फक्त आपला उघड्यावरनं जातो." आत पाव वजनावर मिळतो. राय आणि गव्हाचा, आंबवलेला, जाड सालीचा. रविवारी बेकरी बंद असते, शनिवार धरण्याचं हे दुसरं कारण.

परतताना सीमेवरच्या फ्राइलासिंग स्टेशनला जर्मन पोलीस गाडीत चढले. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, तरी मूळ पासपोर्ट जवळ हवेतच. झेरॉक्सवर विसंबू नका. आईने पासपोर्ट पर्समध्ये वरच ठेवले होते, दोन मिनिटांत काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी त्या पावाचा तुकडा हातावर घेऊन वास घेतला, बोटांनी कुस्करून पाहिला आणि म्हणाले, "दळण जरा जाडसर ठेवलंय. बरोबर केलंय."