डब्यातला अननस: ताज्याची बदली नव्हे, पण दुधादह्यात ताज्यापेक्षा बरा

किराणा दुकानाच्या वरच्या फळीवर असतो तो 850 ग्रॅमचा, पाकातल्या चकत्यांचा डबा घ्यावा का? रोज फळ म्हणून खायचा असेल तर नको. शिरा, कस्टर्ड, रायतं किंवा केक करायचा असेल तर जरूर घ्यावा. ताजा अननस यातल्या बऱ्याच पदार्थांत घोटाळा करतो.

आधी वजनाचं बघू. 850 ग्रॅम हे फळ आणि पाक मिळून भरतं. पाक निथळल्यावर हातात येतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त फळ. बऱ्याच डब्यांवर निथळलेल्या फळाचं वजन बारीक अक्षरात छापलेलं असतं. किमतीची तुलना त्या आकड्यावरून करा, मोठ्या आकड्यावरून नको. ताज्या अननसातही शेंडा, साल, डोळे आणि मधला दांडा गेला की जवळपास निम्माच भाग उरतो. म्हणजे एक किलोचा अननस आणि हा डबा खाण्याजोग्या फळाच्या हिशोबाने साधारण सारखेच पडतात. हंगामात ताजा स्वस्त, एरवी डबा.

पोषणात मात्र डबा उघड मागे पडतो. 100 ग्रॅम ताज्या अननसात सुमारे 50 कॅलरी, 10 ग्रॅम साखर आणि 45 ते 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. दाट पाकातल्या डब्यात कॅलरी 78 च्या आसपास, साखर 17 ग्रॅमच्या घरात आणि क जीवनसत्त्व जेमतेम 7 ते 10 मिलिग्रॅम. ते उष्णतेने आणि साठवणीत जातं. मँगनीज टिकतं, चोथा थोडा कमी होतो. पाक ओतून दिला की साखर गेली, असं समजणारे पुष्कळ. पण डबा महिनोन्‌महिने फळीवर असताना पाकातली साखर फळात मुरलेली असते. चकत्या पाण्याखाली धरल्या तर वरवरचा चिकटपणा जातो, तेवढंच. मधुमेह असलेल्यांनी पाकातला डबा टाळावा आणि अननसाच्याच रसात भरलेला मिळाला तर दोन चकत्यांवर थांबावं. रसातला डबाही बिनसाखरेचा नसतो, त्यात फक्त वरून घातलेली साखर नसते. घटकांच्या यादीत अननस, पाणी, साखर आणि फार तर सायट्रिक आम्ल, म्हणजे 330 क्रमांक, एवढंच असावं. परिरक्षकाची गरजच नसते, कारण फळ मुळात आंबट आणि डबा हवाबंद करून तापवलेला. रंग घातलेला दिसला तर डबा परत फळीवर ठेवा.

आता हा डबा जिथे खरा कामाला येतो ते. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ताजा अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यात त्याचा मोठा हात. ताजे तुकडे दह्यात किंवा कस्टर्डमध्ये घातले की तासाभरात कडवट चव येते आणि मिश्रण पातळ होतं. जिलेटिनची जेली तर ताज्या अननसात घट्ट होतच नाही. डबाबंद करताना फळ तापतं, विकर निकामी होतं आणि या तिन्ही अडचणी संपतात. ताजाच वापरायचा असेल तर तुकडे साखर घालून 8-10 मिनिटं उकळून घ्या, मग चालेल. चायना ग्रासला ही अडचण नाही, ते प्रथिन नव्हे; फक्त ते आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मग रस घाला, आंबट रसात उकळत ठेवलं तर पकड ढिली पडते.

विकर गेलं तरी आंबटपणा राहतोच, आणि नेमकं इथेच अनेकांचं चुकतं. उकळत्या दुधात डब्यातला अननस किंवा पाक घातला की दूध फाटणारच. कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावर, वाढण्याच्या थोडं आधी तुकडे मिसळा. रायत्यासाठी चकत्या चाळणीत 15-20 मिनिटं निथळत ठेवा, मग चिरून घट्ट दह्यात घाला. वाटीभर दह्याला दोन चकत्या, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. वेगळी साखर नको.

शिऱ्याचं प्रमाण असं: एक वाटी रवा, अर्धी वाटी तूप, पावणेदोन वाट्या उकळतं पाणी, अर्धी वाटी साखर, पाव वाटी पाक, तीन चकत्यांचे बारीक तुकडे. रवा मंद आचेवर तुपात भाजा, पाणी ओतून झाकण ठेवा. रवा पूर्ण फुलल्यावरच साखर, पाक आणि तुकडे घाला. पाक आधीच पाण्यात मिसळला तर साखरेमुळे रवा नीट फुलत नाही, दाणा टणक राहतो. दुधातला शिरा या अननसाबरोबर करूच नका.

उलट्या केकसाठी, म्हणजे तळाशी फळ ठेवून भाजायच्या आणि मग पालथ्या काढायच्या केकसाठी, 9 इंची भांड्यात सात चकत्या बसतात, मध्ये एक आणि भोवती सहा. त्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या, नाहीतर केकचा तो थर कच्चा पिठूळ राहतो. पिझ्झ्यावरही टिपूनच. (अननसाचा पिझ्झा 1962 मध्ये कॅनडात सॅम पॅनोपुलोस यांनी सुरू केला, तोही डब्यातल्याच अननसाने. आवडणं-न आवडणं ज्याचं त्याचं.) चिकन-मटण मऊ करायला मात्र हा डबा निरुपयोगी, तिथे ताज्याचंच विकर लागतं.

चकत्या घ्याव्यात की तुकडे? चकत्या. त्यांचे तुकडे करता येतात, उलटं जमत नाही.

घेताना फुगलेला डबा, गळका डबा किंवा कडेच्या शिवणीवर पोचा आलेला डबा नको. उघडल्यावर फळ डब्यातच ठेवून फ्रिजमध्ये सरकवू नका. अननसाच्या डब्याला आतून बहुधा नुसतं कथिल असतं. बंद असताना ते फळाचा पिवळा रंग राखतं, पण हवा लागली की आंबट रसात भराभर विरघळू लागतं. चवीला धातू येतो आणि जास्त कथिल पोटात गेलं तर मळमळ, पोटदुखी होऊ शकते. काचेच्या बरणीत काढा, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोनेक महिने टिकतं.

उरलेला पाक फेकू नका. तेवढंच पाणी मिसळून केकचे थर भिजवायला वापरा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोन खडे, लिंबू, चिमूटभर काळं मीठ आणि सोडा, की सरबत तयार.