इंग्लंडमध्ये जुनं घर घेताय? पागेचं की बार्नचं?

लंडनपासून जरा लांब, मोकळ्यावर घर शोधायला लागलं की दोन प्रकारची जुनी कन्व्हर्टेड घरं हमखास समोर येतात, एक शेतावरचं बार्न म्हणजे धान्याचं कोठार आणि दुसरी कुठल्यातरी जमीनदाराच्या कंट्री हाऊसची पागा. फोटोत दोन्ही भारीच दिसतात. माझं मत आधीच सांगतो, राहायला पागा कधीही चांगली.

बार्न मुळात माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं. आत एकच उंच पोकळी, समोरासमोर दोन मोठे दरवाजे, मधे मळणी करायची आणि आरपार वाऱ्यावर धान्य उफणायचं, खिडक्या जवळपास नाहीतच, हवेपुरत्या फटी. मग घर करताना मजला घाला, उजेडासाठी भिंती-छप्पर फोडा, आणि ज्या भव्यपणासाठी ते घेतलं तोच निम्मा जातो. तसंच उंच ठेवलं तर हिवाळ्यात गरम करणं महाग पडतं.

पागेचं तसं नाही. अठराव्या शतकात या बड्या लोकांनी पागांवर अफाट पैसा ओतला. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ या कंट्री हाऊसची पागा १७६० च्या सुमाराची, जेम्स पेनने केलेली, ८० घोड्यांची. यॉर्कशरमधल्या कॅसल हॉवर्ड आणि वेंटवर्थ वुडहाऊस या घरांच्या पागा जॉन कारच्या, म्हणजे दोघंही त्या काळातले नामवंत आर्किटेक्ट. मोठ्या पागेची रचना बरीचशी आपल्या चौसोपी वाड्यासारखी, मधे चौक, कमानीवर घड्याळाचा छोटा मनोरा, एका बाजूला घोड्यांची ठाणं, दुसरीकडे बग्ग्या ठेवायची जागा, वर गवताचा माळा आणि मोतद्दारांच्या खोल्या. खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीत तर चामड्याला ओल लागू नये म्हणून शेकोटीसुद्धा असायची! म्हणजे जिना, खिडक्या, धुराडं, राहायच्या खोल्या, बरंच काही आधीच आहे, आणि बग्गीच्या रुंद दरवाजात काच बसवली की दिवाणखान्याला उजेड मिळाला. इमारतीला फार कमी दुखवावं लागतं, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मोटारी आल्या, १९१४ मध्ये सैन्याने घोडे नेले, नंतर टॅक्स वाढले आणि नोकर मिळेनात, तशा पागा ओस पडल्या. विसाव्या शतकात शेकडो कंट्री हाऊस पाडली गेली, कधीकधी फक्त पागाच उरली. चेशरचा ईटन हॉल १९६० च्या दशकात पाडला पण तिथली पागा आणि चॅपल अजून उभं आहे. पुढे किट मार्टिनसारख्या जुनी घरं वाचवणाऱ्या डेव्हलपरने नॉरफकमधल्या गंटन हॉलला मोठं घर आणि आजूबाजूच्या इमारती वेगवेगळ्या घरांमध्ये वाटून वाचवल्या.

कायद्यात मात्र बार्न जिंकतं. स्वतः कन्व्हर्ट करायचं असेल तर शेतीच्या इमारतीला २०१४ पासून सवलत आहे, आता तिला क्लास क्यू म्हणतात, पूर्ण प्लॅनिंग परमिशन लागत नाही (नॅशनल पार्क, कॉन्झर्वेशन एरिया वगैरे सोडून). हौसेचे घोडे शेतीत धरत नाहीत, त्यामुळे पागेला ती मिळत नाही. वर अजून एक मेख, पागा स्वतः लिस्टेड (म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत) नसली तरी लिस्टेड हाऊसच्या आवारात असेल आणि १ जुलै १९४८ च्या आधीची असेल तर बहुतेक वेळा तीही लिस्टेडच धरतात. परवानगीशिवाय बदल केले तर गुन्हा होतो, आणि आधीच्या मालकाने केलेली कामं दुरुस्त करायची नोटीस तुमच्या नावावर येऊ शकते, म्हणून तयार घर घेत असाल तरी जुनी संमतीपत्रं सॉलिसिटरकडून एकेक तपासून घ्या.

वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून त्यांचा सर्व्हे दोन्हीकडे लागू शकतो, त्यातला मुख्य भाग साधारण मे ते सप्टेंबरमध्येच होतो, वेळ धरून चाला. पागेत भिंतीचा खालचा भाग नीट बघा, घोड्यांच्या मुतातले क्षार विटांमध्ये मुरलेले असतात आणि ते ओल धरतात, वरून सिमेंटचं प्लास्टर मारलेलं असेल तर सर्व्हेयरला स्पष्ट विचारा, तिथे चुनाच हवा. आणि चौकाभोवती बरीच घरं असतील तर चौकाची फरशी, कमान, घड्याळ यांचा खर्च कोण किती देतं ते ऑफर द्यायच्या आधी लेखी मागा.