दोन पावसाळे आणि एक उन्हाळा काढल्यावर: छोट्या आर्किटेक्ट ऑफिसने आखलेली घराची पाणीव्यवस्था

घर पुण्याजवळ, काळ्या जमिनीत. गच्ची ९६ चौरस मीटर, राहणारी माणसं चार, नळ नाही, एक बोअर आणि मार्च लागला की टँकर. घराचा आराखडा, पावसाचं पाणी आणि सांडपाणी, तिन्ही कामं तिघांच्याच एका आर्किटेक्ट ऑफिसकडे होती. सोळा महिन्यांनंतरचं मत: गणित पक्कं, नकाशे उत्तम. पण साइटवर दोन-तीन गोष्टी हुकल्या, आणि त्या यांनी उभं राहून पकडायला हव्या होत्या.

आधी टाकी. पुण्याचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. वीस टक्के वजावट धरली तरी या गच्चीवरून वर्षाला साधारण ५३,७०० लिटर पाणी मिळतं. हा आकडा पाहिला की लोक ५० हजारांची टाकी बांधायला निघतात. या ऑफिसने हिशेब उलटीकडून मांडला. पावसाचं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, माणशी २० लिटर, म्हणजे रोज ८०. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत २४५ दिवस, म्हणजे १९,६०० लिटर. टाकी २० हजारांची. आंघोळ-धुणं बोअरवर. २६० मिलिमीटर पाऊस झाला की टाकी भरते, पुढचं मुरवायला जातं. ३० हजार लिटरचं काँक्रीट वाचलं, त्या पैशांत गच्चीवर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) झालं. (पिण्याचं पाणी घ्यायचंय त्या गच्चीवर डांबरी वॉटरप्रूफिंग नको, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं.) यंदा पहिला पाऊस आला तेव्हा टाकीच्या तळाशी वीतभर पाणी शिल्लक होतं.

पहिला घोळ फर्स्ट फ्लशचा, म्हणजे गच्ची धुऊन येणारं पहिलं घाण पाणी बाजूला काढायच्या सोयीचा. नकाशात २०० लिटरचा ड्रम होता, कारण गच्चीवरचा पहिला २ मिलिमीटर पाऊस म्हणजे १९२ लिटर. कंत्राटदाराने बाजारात मिळतो तसा ११० मिलिमीटरचा, ३ मीटर उंच पाइप ठोकला. त्यात मावतं जेमतेम २५ लिटर, म्हणजे पाव मिलिमीटर पाऊस. उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची घाण सरळ फिल्टरवर. पुढे ड्रम बसला. त्याच्या तळाला ३ मिलिमीटरचं छिद्र आहे, त्यातून ड्रम सहा-सात तासांत रिकामा व्हायला हवा. चिखलाने छिद्र बुजलं तर ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीचं घाण पाणी थेट पुढे जातं. बाहेरून काहीच कळत नाही. ड्रमला टिचकी मारून बघायची. खालपर्यंत बद्द आवाज आला तर छिद्रात तार घाला.

फिल्टरमध्ये वर जाड वाळू, मग १० आणि २० मिलिमीटरची खडी, तळाशी ४० ची. इथे वाळूऐवजी न धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) पडली. तिच्यातली दगडाची भुकटी ओली होऊन बसली की वर साय धरल्यासारखा थर होतो, पाणी खाली उतरतच नाही, बाजूच्या ओव्हरफ्लोने निघून जातं. सगळं उपसून, बादलीतलं पाणी नितळ दिसेपर्यंत धुऊन परत भरावं लागलं. वाळू आणि खडी यांच्यामध्ये नायलॉनची जाळी टाकायला विसरू नका, नाहीतर वाळू खडीत उतरते.

नव्या टाकीचं पहिलं पाणी चुनखट लागतं. पावसाचं पाणी मृदू, ते सिमेंटमधला चुना ओढून घेतं. दोनदा भरून सोडून द्यायचं. निर्जंतुकीकरणाला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे भरलेल्या टाकीला ४० ग्रॅम. ब्लीचिंग पावडर २५ टक्क्यांची असेल तर १६० ग्रॅम. बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी ओतायची.

सांडपाण्याचा वाफा, म्हणजे खडी आणि झाडांच्या मुळांतून पाणी गाळून काढणारा खड्डा, हे या ऑफिसचं सगळ्यात चांगलं काम, आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीही त्याचीच. न्हाणीघर आणि वॉशिंग मशीनचं मिळून रोज २५० लिटर. वाफा ४ बाय दीड मीटर, ६० सेंटीमीटर खोल, खडीने भरलेला, वर कर्दळ आणि वाळा. पाण्याची पातळी खडीच्या माथ्यापासून १० सेंटीमीटर खाली, म्हणून डास नाहीत. खडीतल्या पोकळ्या ४० टक्के धरल्या तर आत १,२०० लिटर पाणी राहतं, म्हणजे मुक्काम जवळजवळ पाच दिवसांचा. बाहेर येणारं पाणी पिवळसर पण बिनवासाचं. फळझाडांना चालतं, पालेभाजीला नको.

फेब्रुवारीत वाफ्याच्या तोंडापाशी सडक्या अंड्यासारखा कुबट वास सुटला. खडी उकरली तर पांढरट, चिकट लोण्यासारखा थर. प्लंबरने सोय म्हणून स्वयंपाकघराचं सिंक याच लाइनला जोडलं होतं. तेलतूप अडवायला ३० लिटरचं एकच चेंबर. गरम पाण्यात तूप वितळलेलंच राहतं, चेंबरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही, ते वाफ्यात जाऊन थिजतं. आता दोन कप्प्यांचं ६० लिटरचं चेंबर आहे, दर पंधरा दिवसांनी वरची साय काढावी लागते. मशीनच्या पाइपला नायलॉनचा मोजा बांधलाय, कपड्यांचे धागे तिथेच अडतात. फिनेल या लाइनमध्ये अजिबात नाही.

शोषखड्ड्याबद्दल एवढंच: काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत खणला तरच उपयोग. मातीतच थांबलात तर डबकं होतं.

ऑफिसबरोबर काम करण्याचा अनुभव एकंदर चांगला. चर बुजवण्याआधी प्रत्येक पाइपचा टेप धरून काढलेला फोटो त्यांनी दिला. सिंकची जोडणी त्यावरूनच तासाभरात सापडली. पण मग तो फोटो काढताना ती कुणाला कशी दिसली नाही, हा प्रश्न राहतोच. अशा ऑफिसशी करार करताना पहिल्या पावसाळ्यातली भेट शुल्कातच लिहून घ्या. इथे ती धरलेली नव्हती, वेगळे पैसे पडले.

व्हॉल्व्ह कमरेच्या उंचीवर, फिल्टर मागच्या दारापाशी, हे त्यांनी माणसं पाहून ठरवलेलं दिसतं. मात्र वाफ्याच्या चेंबरवर काँक्रीटचं झाकण टाकलंय, ते दोन माणसांशिवाय हलत नाही. घरात दिवसा असतात दोघं सत्तरीतले. फायबरचं झाकण मागवलंय.