काळी एकची बासरी: प्लॅस्टिकचा त्रावेर्सो, आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये घेतला, आता फेब्रुवारी संपत आला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाच तारे दिले असते. ऑक्टोबरमध्ये दोन.

त्रावेर्सो म्हणजे बरोक काळातली आडवी बासरी: सहा भोकं आणि उजव्या करंगळीखाली एकच चावी. माझा ४१५ हर्ट्झचा आहे (हा त्याच्या ए स्वराचा आकडा), म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. त्याचा सर्वांत खालचा डी म्हणजे आपली काळी एक. याचा मला भलताच फायदा झाला. साथीला हार्पसिकॉर्ड, म्हणजे त्या काळचं तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य, मिळणं पुण्यात कठीण, पण तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी एकला लावलं की रियाझाची सोय झाली. बरोक संगीतकार टेलेमानच्या सोनाटासाठी मित्राचा कीबोर्ड ट्रान्सपोजमध्ये वजा एकवर टाकला, तेही जमलं.

बारा वर्षं धातूची फ्लूट वाजवतोय. हे वाद्य घेतलं ते बाखच्या ए मायनर पार्टिटासाठी (पार्टिटा म्हणजे नृत्यांची माळ), बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १०१३. एकट्या बासरीसाठी लिहिलेली रचना. साथ नाही, लपायला जागा नाही. पहिल्याच नृत्यात, आलमांडमध्ये, एका मात्रेत चार स्वर अशी सलग धार लागते आणि बाखने श्वासाला म्हणून जागाच ठेवलेली नाही. धातूच्या फ्लूटवर मी छाती भरून घ्यायचो, मग धापा टाकत कुठेतरी तोडायचो. त्रावेर्सोला हवा कमी लागते, म्हणून वाटलं प्रश्न सुटला. कसला सुटतोय! हवा उरते, पण जागा तरी कुठे आहे?

उपाय बरोक बासरीवादक क्वांट्झच्या बासरीवादनावरच्या १७५२ च्या ग्रंथात सापडला. श्वास ज्या स्वरानंतर घ्यायचा तो आखूड करायचा, पुढचे दोन-तीन स्वर किंचित घाईने घ्यायचे, म्हणजे लय मागे रेंगाळत नाही. वाचायला सोपं आहे. मला तीन महिने लागले. शेवटी खालचे स्वर वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने रंगवले, तेव्हा दिसलं की एकाच धारेत दोन आवाज बोलतायत, वरची चाल आणि खालचा खर्ज. आता खर्जाला टेकलं की चोरटा श्वास घेतो. ऐकणाऱ्याला तो विराम वाटतो.

आता वाद्याच्या खोड्या. एफ शार्प उतरता, साधा एफ चढा. एकाला ओठ बाहेर फिरवायचे, दुसऱ्याला आत. जी शार्पसाठी मधलं भोक उघडं ठेवून खालची झाकावी लागतात, आणि आवाज येतो घोंगडीखालून आल्यासारखा. ए मायनरमध्ये हाच स्वर पदोपदी. ऑक्टोबरचे दोन तारे त्याच्यामुळेच. सारखा जोर लावून तो बाकीच्यांइतका मोठा करायला बघत होतो, तर तो चढायचा. मग नाद सोडला. दबका जी शार्प आणि लगेच मोकळा ए, हे कानाला आता इतकं बरं वाटतं की धातूच्या फ्लूटवर तोच पल्ला सपाट लागतो.

प्लॅस्टिकचे गुण-दोषही सांगून टाकतो. लाकडासारखं बदामाचं तेल चोळायला नको, पावसाळ्यात तडा जायची भीती नाही, प्रवासात बिनधास्त. पण प्लॅस्टिक ओलावा शोषत नाही. जानेवारीत एका घरगुती बैठकीत वीसेक लोकांपुढे आलमांड वाजवत होतो. दुसऱ्या भागात पाण्याचा थेंब घरंगळत डाव्या हाताच्या भोकात येऊन बसला. दोन स्वर नुसतेच गुरगुरले. तबला असता तर सम गाठून सावरलं असतं, इथे ती गुरगुर पहिल्या रांगेत स्वच्छ ऐकू गेली. तेव्हापासून वाजवायच्या आधी दहा मिनिटं बासरी काखेत धरून गरम करतो, आणि दर नृत्यानंतर आतून फडकं फिरवतो. ओठाखाली घामाने घसरते, तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. दिसायला वाईट, पण टिकतो. मधला सांधा डिसेंबरात सैल झाला, दोन वेढे दोरा गुंडाळून भागलं.

बासुरी वाजवणाऱ्यांनी घ्यावी का, असं दोघांनी विचारलं. घ्या, पण मींड विसरा. इथलं काम जिभेचं, फुंकताना जिभेने म्हणायचे बोल: 'ती', 'दी', आणि जलद जागी 'दिड्ल', सतारीच्या 'दिर'चा चुलतभाऊच.

आलमांडच्या अगदी शेवटी वरचा ए आहे, सगळी धार चढून तिथे थांबते. सुरुवातीला दहात दोनदा लागायचा, आता सहा. दहात नऊ झाला की लाकडी वाद्याच्या किमती बघायला लागेन.

तारे: चार.