जॉर्जियन महोगनी की फ्रेंच कोमोद?

इंग्लंडमधल्या घरासाठी जुनं ड्रॉवरचं कपाट घ्यायचं ठरलं की बरेच जण शेवटी या दोघांत अडकतात: जॉर्ज राजांच्या काळातलं, म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकातलं, महोगनी लाकडाचं इंग्लिश कपाट, की कोमोद, म्हणजे फ्रेंच धाटणीचं बुटकं ड्रॉवरचं कपाट. माझ्याकडे दोन्ही होती. आता एकच आहे.

देखणेपणात कोमोद पुढे, हे आधीच कबूल करतो. फुगीर पोट, वर संगमरवर, कडांना सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ. उत्तम नमुन्यांत तर लाकडाच्या चिमुकल्या तुकड्यांतून केलेलं फुलांचं जडवकाम दोन्ही ड्रॉवरांवर असं सलग उतरतं की मधली फट शोधावी लागते. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात अशा कामापुढून माझा पाय निघत नाही. शिवाय अठराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या सुतारांच्या संघातल्या कारागिरांना नावाचा शिक्का मारावा लागे. इंग्रजांकडे तशी सक्ती नव्हती; माझं महोगनीचं कपाट कुणी घडवलं हे मला बहुधा कधीच कळणार नाही.

पण हिवाळा आला, हीटिंग सुरू झालं, आणि कोमोदवरचं व्हिनियर, म्हणजे वरचा लाकडाचा पातळ थर, सुटू लागलं. आतलं लाकूड वाळून आकसतं, वरचे चिमुकले तुकडे निरनिराळ्या दिशांच्या रेषांचे, त्यामुळे ते सोबत आकसत नाहीत. सरसही कोरडा पडून ठिसूळ होतो. हाच सरस आपले जुने सुतार डब्यात गरम करून वापरायचे. धूळ पुसताना फडक्याचा धागा एका पाकळीला अडकला आणि पाकळी निघून आली. चिकटवून घेतली, तर पुढच्या हिवाळ्यात शेजारची. ब्राँझच्या वेलींमध्ये धूळ बसायची ती वेगळीच. शेवटी मी फडकं हातात घ्यायलाच घाबरू लागलो. माझं कोमोद एकोणिसाव्या शतकातली प्रतिकृती होतं. अस्सल कदाचित जास्त सोसत असेल.

महोगनीचं कपाट त्याच खोलीत, त्याच रेडिएटरजवळ. १७२१ मध्ये ब्रिटनने वसाहतींतल्या लाकडावरचा आयातकर उठवला आणि जमैकाची महोगनी इंग्लंडमध्ये येऊ लागली. ती गुलामांकडून तोडून घेतली जाई, हे मनात राहतंच. माझं कपाट अखंड लाकडाचं आहे. उजव्या बाजूला एक चीर आहे, पण ती मी घेतली तेव्हापासून तेवढीच. ड्रॉवर आतून ओकचे, डव्हटेल (फळ्या जोडणारे, कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे) हाताने कापलेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. एका बोटाने ओढले तरी सरकतात. वर्षातून एकदा मेण लावतो, बस.

हीटिंग न लागणारी खोली असेल आणि रोज पुसणारं कुणी नसेल, तर कोमोद घ्यायला हरकत नाही. बाकी घरांत मी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून डव्हटेल बघेन आणि महोगनीवर पैसे ठेवेन.